चालून रायलं

रात्री अडीचला मी त्याला म्हणते, यादी दाखव.
तो दाखवतो. कुरकुर नाही, जांभई नाही.
चौदा गावांच्या पाण्याची तपासणी
तो मागच्या बाजूला एकटाच करत बसतो म्हणे,
पण मागची बाजू कुठली, हे मला अजून कुणी सांगितलं नाही.
पंपघराच्या मागे एक करंज आहे
आणि ब्लीचिंग पावडरची रिकामी पोती.

क्लोरीन, सावरबंध : झालं.
मोटार दोनचा ताप : झालं.
दाब, परसटोला : दुसऱ्यांदा नापास.
टाकीची पातळी : रांगेत.
व्हॉल्व्ह सात, आवाज ऐकणे : चालू.
कधीपासून?
एकशे त्रेसष्ट दिवस.

चालू हा शब्द आमच्याकडे जपून वापरतात.
चालू माणूस म्हणजे ज्याला उसने पैसे देऊ नयेत.
जे खरंच होत असतं त्याला आम्ही म्हणतो,
चालून रायलं.
भात शिजून रायला, पोरगी शिकून रायली,
शेजारची बुढी तीन वर्षांपासून मरून रायली
अन् दर तासाला चहा मागून रायली.

कुणी लावलं हे?
पैकूजी कापगते, तो लिहितो,
निवृत्तीच्या रात्री, अकरा पन्नास.
पैकूजी! माऊस टेबलावरून
खराट्यासारखा लोटणारे पैकूजी.
लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून सांगायचे : इथं खणा.

नोंद उघडते. दर सहा मिनिटांनी एकच ओळ,
उत्तर नाही.
एकोणचाळीस हजार वेळा हाक मारली त्यानं
आणि आवाजात काडीचा फरक नाही.
मी नवऱ्याला तिसरी हाक मारते तेव्हा भांडी वाजतात.

हे काम अडकलेलं दिसतं, तो लिहितो. मारून टाकू?
आम्ही दोघं असंच बोलतो आता.
जिवंत आहे का, मेलं का, मारून टाक.
नवी होते तेव्हा दचकायची. काल सहा मारले, चहा पिता पिता.
थांब, मी म्हटलं.
तो थांबला.
एका शब्दात थांबणारं
माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही.

उजाडता उजाडता गाडी काढली.
व्हॉल्व्ह सातवर आता डांबर आहे, दिवाळीनंतरचं,
खाली चेंबर, चेंबरात पैकूजींचं यंत्र, मुकं.
आणि रस्त्याच्या पलीकडे, ऐन एप्रिलात,
बांधीचा एक कोपरा हिरवागार,
खाटेएवढा.
दोन बगळे. आणि नीराबाई उईके,
वाटीनं हंडा भरणारी.
मला पाहून तिनं वाटी पदराखाली घेतली.

झरा लागला बाई, ती म्हणाली.
आमच्या टोलीले नळ नाही, तुले तं मालूम आहे.
कोणाले सांगू नोको.

मी ओंजळीत घेऊन हुंगलं.
ब्लीचिंगचा वास. आपलंच पाणी.
परसटोल्याच्या शेवटच्या घरी बादली का भरत नाही,
ते कळलं, आणि कळलेलं तोंडात धरून
मी परत आले.

मारू नको, त्याला सांगितलं.
सहा मिनिटांनी नको, दिवसातून एकदा विचार.
बदल केला, तो म्हणाला. पुढची हाक उद्या पहाटे पाचला.
पाहणीत काय आढळलं? नोंद लिहा.

पैकूजींना फोन लावावासा वाटला.
बुटीबोरीला मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं म्हणतात.
खाली रेघ लुकलुकते आहे,
तो घाई करत नाही,
नोंद अर्धी आहे,
मी लिहून रायली.